बातमीचे तीन परवाने : सातारा जिल्हा १९४२ आणि राष्ट्रीय वृत्तसंस्थेचा प्रश्न

९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातील वडूज येथे मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण त्यात हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार होऊन आणखी दोघांचा बळी गेला. त्याआधी २४ ऑगस्टला कराडचा आणि ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला होता. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. तासगाव, इस्लामपूर, शिराळा, विटा ही सारी गावे सातारा जिल्ह्यातच होती, आणि मध्येमध्ये सांगली, मिरज, औंध, फलटण या संस्थानांचा मुलूख विखुरलेला होता.

या घटनांचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. प्रस्तुत प्रकरणात त्यांच्याकडे केवळ बातमी म्हणून पाहायचे आहे. वडूजला माणसे पडली, तर ते पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रात छापण्याचा कायदेशीर मार्ग त्या दिवशी कोणता होता, तो कोणाच्या हातात होता आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय वृत्तसंस्था उभारताना त्या अनुभवातून देशाने काय घेतले, एवढ्यापुरतीच ही चर्चा आहे. वृत्तसंस्थेचा इतिहास बहुधा दिल्ली, मुंबई आणि मद्रासच्या बाजूने सांगितला जातो. जिल्ह्याच्या बाजूने पाहिले, की त्यातला मालकीचा मुद्दा फार लवकर डोळ्यांत भरतो.

८ ऑगस्टचा हुकूम

‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला त्याच दिवशी, म्हणजे ८ ऑगस्ट १९४२ रोजी, हिंदुस्थान सरकारने भारत संरक्षण नियमांखाली एक हुकूम काढला. काँग्रेस महासमितीने मंजूर केलेल्या सामुदायिक चळवळीसंबंधी, किंवा ती मोडण्यासाठी सरकारने योजलेल्या उपायांसंबंधी, प्रत्यक्ष घडलेल्या घटनांविषयी कोणतीही माहिती छापण्यास त्याने बंदी केली. लोकांची भाषणे आणि निवेदनेही त्या माहितीत धरली होती. बंदीला अपवाद तीन होते. बातमी सरकारी सूत्रांकडून आलेली असावी. किंवा ती असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया, युनायटेड प्रेस ऑफ इंडिया अथवा ओरिएंट प्रेस ऑफ इंडिया या वृत्तसंस्थांकडून आलेली असावी. किंवा ती अशा बातमीदाराने दिलेली असावी, जो त्या वृत्तपत्राच्या नियमित नोकरीत आहे आणि ज्याचे नाव तो काम करतो त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याकडे नोंदलेले आहे.

या तिसऱ्या अपवादाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने सारी मेख तिथे आहे. तालुक्याच्या गावी बातमी लिहिणारा माणूस तेव्हाही आणि पुढे कित्येक वर्षे कोण असे? कुठे शाळामास्तर, कुठे वकिलाचा कारकून, कुठे वर्तमानपत्रांची एजन्सी घेतलेला दुकानदार. त्याला ओळीवर पैसे मिळत किंवा तेही मिळत नसत. अंक फुकट येई आणि गावात मान असे, एवढ्यावर तो समाधानी राही. मराठी वृत्तपत्रांचे ग्रामीण वार्तांकन अशाच अर्धवेळ वार्ताहरांच्या जिवावर चालत आलेले आहे. ‘नियमित नोकरीत’ ही अट त्यांतले बहुतेक सगळे एका फटक्यात बाद करते. जो थोडा उरेल त्याने आपले नाव जिल्हादंडाधिकाऱ्याकडे नोंदवायचे. म्हणजे ज्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत गोळीबार झाला, त्याच्याच दप्तरात नाव दाखल करून त्या गोळीबाराची बातमी द्यायची. नाव नोंदवणे ही वरवर साधी कारकुनी बाब वाटते. परंतु पोलीसपाटील आणि फौजदार यांच्या नजरेखाली राहणाऱ्या गावातील माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. संपादकांच्या संघटनेने या नोंदणीला कसून विरोध केला, तो योग्यच होता.

संस्थानी मुलखात आणखी एक अडचण होती. कुंडल हे पुढे प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर उभ्या राहिलेल्या लोकांच्या कारभाराचे, मोठे केंद्र ठरलेले गाव औंध संस्थानात होते. तिथल्या बातमीदाराचा जिल्हादंडाधिकारी कोणता, हा प्रश्न हुकूम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेला दिसत नाही. हुकूम दिल्लीत बसून नकाशा न पाहता लिहिला गेला होता.

म्हणजे वडूजपुरते बोलायचे तर प्रत्यक्षात मार्ग दोनच उरले : सरकारी पत्रक आणि वृत्तसंस्था. गोळीबार करणाऱ्या यंत्रणेनेच काढलेले पत्रक हा पुरावा एकतर्फी असतो, हे सांगण्यासाठी पत्रकारितेचे शिक्षण लागत नाही. त्यामुळे खरा भार वृत्तसंस्थेवर आला.

तार कोणाची

वृत्तसंस्थेची बातमी तारेने जात असे. वार्ताहर तारघरात जाई, वृत्तपत्रांसाठीच्या सवलतीच्या दराचे अधिकारपत्र दाखवी आणि शब्द मोजून मजकूर देई. शब्दाला पैसा पडत असल्यामुळे मजकूर अगदी आटोपशीर असे : गाव, तारीख, काय झाले, किती मेले, किती जखमी, कोणाला पकडले. विशेषणांना जागा नसे. या काटकसरीने बातमीला एक शिस्त लावली, ती आजही वृत्तसंस्थेच्या लेखनात दिसते. पण तारघर सरकारचे होते आणि युद्धकाळात तारेवर सरकारी तपासणी होती. त्यातच चळवळीतील कार्यकर्ते ठिकठिकाणी तारा तोडत होते. सरकारचे हुकूम आणि पोलिसांची कुमक थांबवण्यासाठी तो मार्ग त्यांना आवश्यक वाटला. मात्र त्याच तारेवरून बाहेर जाऊ शकणारी आपल्या गावची बातमीही त्याबरोबर तुटत होती. दळणवळणाचे एकच साधन राज्यकर्त्याच्या हाती असले, की चळवळीपुढे असाच पेच उभा राहतो.

आता या तिन्ही वृत्तसंस्थांतील सर्वांत मोठी, असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया, कोणाची होती ते पाहू. केशवचंद्र रॉय या बंगाली पत्रकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर तिची उभारणी केली. देशातील बातमी देशातील वृत्तपत्रांना एकत्रितपणे पुरवण्याची ही पहिली भरीव खटपट होती आणि ती एका भारतीयाच्या हिकमतीतून झाली, याची नोंद आदराने घ्यायला हवी. परंतु १९१९ पर्यंत संस्था रॉयटर्सच्या ताब्यात गेली. रॉयटर्सने मुंबईत कचेरी उघडली होती ती १८६६ मध्ये. १८७० च्या करारात रॉयटर्स, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वोल्फ या संस्थांनी बातमीसाठी जगाची वाटणी करून घेतली, तेव्हा हिंदुस्थान ब्रिटिश साम्राज्याबरोबर रॉयटर्सच्या वाट्याला गेला. जगाची बातमी इथे आणणे रॉयटर्सकडे, इथली बातमी जगाला देणे रॉयटर्सकडे, आणि देशांतर्गत बातमी फिरवणारी संस्थाही रॉयटर्सच्या मालकीची. नावात ‘असोसिएटेड’ असले, तरी वृत्तपत्रांच्या सहकाराशी तिचा संबंध नव्हता.

या मक्तेदारीला आव्हान देण्याचा धाडसी प्रयत्न स. सदानंद यांनी केला. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी फ्री प्रेस ही राष्ट्रवादी वृत्तसंस्था चालवली आणि सविनय कायदेभंगाच्या काळात ती सरकारच्या डोळ्यांत खुपली. जामीनकी आणि जप्त्यांचा मारा सोसून ती १९३५ च्या सुमारास बंद पडली. तिच्यातून बाहेर पडलेले बिधुभूषण सेनगुप्ता यांनी १९३३ मध्ये युनायटेड प्रेस ऑफ इंडिया सुरू केली होती. ती भारतीय मालकीची आणि राष्ट्रीय वृत्तीची संस्था, तरीही १९४२ च्या हुकमात तिचे नाव मान्यताप्राप्त संस्थांत आहे.

इथे अभ्यासकाने थोडे थांबावे. हुकमाचा हेतू केवळ ‘आपल्या’ संस्थेला झुकते माप देणे असा असता, तर युनायटेड प्रेस यादीत आली नसती. माझ्या मते सरकारला संस्थेच्या निष्ठेपेक्षा बातमी देणाऱ्यांच्या संख्येची चिंता होती. गावोगावचे शेकडो वार्ताहर आणि त्यांच्या हस्तलिखित बातम्या तपासणे कोणत्याही सरकारला झेपणारे नाही. तीन संस्थांच्या मोजक्या कचेऱ्यांवर नजर ठेवणे सोपे असते. सातारा जिल्ह्यातील सारी बातमी दोन-तीन टेबलांवरूनच जाणार असेल, तर ती अडवण्यासाठी साताऱ्यात कोणालाही पाठवावे लागत नाही. या संस्थांत काम करणारे भारतीय पत्रकार बहुसंख्येने प्रामाणिक होते आणि मिळेल तेवढी वाट काढत होते. त्यांच्या कसोटीचा हा प्रश्नच नाही. प्रश्न रचनेचा आहे, आणि पुढच्या इतिहासात तो पुन्हा तसाच्या तसा समोर येतो.

पोकळीत काय भरले

अधिकृत बातमीचा मार्ग अरुंद झाला, तेव्हा लोकांनी माहिती मिळवणे थांबवले नाही. सायक्लोस्टाइलवर काढलेली भूमिगत पत्रके हातोहात फिरली. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडले जाईपर्यंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून प्रतिसरकार उभे राहिले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, २४ जुलैला वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याचा खजिना लुटला गेला. यांतील प्रत्येक घटना एरवी पहिल्या पानाची बातमी होती.

भूमिगत पत्रकांचे मोल मोठे आहे, आणि ती काढणाऱ्यांनी जीव धोक्यात घातला. तथापि बातमी म्हणून त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांवर लेखकाचे नाव नसे आणि असूही शकत नसे. चूक झाली तर दुरुस्ती छापण्याची सोय नसे. दुसऱ्या बाजूला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. अशा पोकळीत अफवेला फार लवकर बळ येते. प्रतिसरकार गावगुंडांना आणि खबऱ्यांना तळपायांवर काठीचे फटके देण्याची शिक्षा देत असे. त्याची कहाणी फिरता फिरता पायांना लोखंडी पत्रे ठोकतात इथवर गेली, आणि आजही जिल्ह्याबाहेरच्या अनेकांना प्रतिसरकार म्हटले की एवढेच आठवते. न्यायदान मंडळे, दारूबंदी, साधेपणाने लावलेली गांधीविवाहाची लग्ने, गावसभांचे निर्णय हा त्या कामाचा मोठा भाग अफवेच्या मागे झाकला गेला. घटना घडत असताना दोन स्वतंत्र बातमीदार कुंडलला जाऊन लिहिते झाले असते, तर ती दंतकथा इतकी टिकली नसती, असे मला ठामपणे वाटते.

वृत्तपत्रे गप्प बसली नव्हती. चिमूरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी उपोषण केले, त्याची बातमी छापण्यास सरकारने बंदी केली, तेव्हा निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपला अंकच काढला नाही. पण अंक बंद ठेवून निषेध होतो, बातमी पोहोचत नाही.

वृत्तपत्रांची स्वतःची संस्था

१९४७ मध्ये या साऱ्याचे उत्तर म्हणून जी रचना पुढे आली, ती वाचताना १९४२ चा अनुभव तिच्या प्रत्येक नियमामागे जाणवतो. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया, म्हणजे पीटीआय, २७ ऑगस्ट १९४७ रोजी मद्रास येथे नोंदवली गेली. ‘हिंदू’चे कस्तुरी श्रीनिवासन हे तिचे पहिले अध्यक्ष, स्थापनेच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांत ज्यांची फ्री प्रेस मोडून पडली होती ते सदानंदही होते. १ फेब्रुवारी १९४९ पासून पीटीआयने असोसिएटेड प्रेसचा कारभार रॉयटर्सकडून आपल्या हाती घेतला. पहिली काही वर्षे रॉयटर्सची भागीदार म्हणून आणि १९५३ पासून पूर्णपणे स्वतंत्र, अशी तिची वाटचाल झाली. भाग वृत्तपत्रांनीच घ्यायचे, भागधारकांना लाभांश द्यायचा नाही, शिल्लक राहील ती कामातच घालायची, हे तिचे मूळ तत्त्व. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

न्या. जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ च्या अहवालात आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली : देशात किमान दोन सक्षम वृत्तसंस्था असाव्यात, म्हणजे एकीची चूक दुसरीमुळे उघडी पडेल. दुर्दैवाने युनायटेड प्रेस पैशाअभावी १९५८ मध्ये बंद झाली. तिची जागा भरण्यासाठी काही वृत्तपत्रांनी मिळून युनायटेड न्यूज ऑफ इंडिया, म्हणजे यूएनआय, उभी केली, आणि २१ मार्च १९६१ पासून तिचे काम सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली, कोयनेची वीज बंद पडून मुंबईचे कारखाने थांबले, तेव्हा सातारा जिल्हा देशभर बातमीत आला. त्या वेळी देशात दोन स्पर्धक इंग्रजी वृत्तसंस्था होत्या आणि मृतांचा आकडा छापण्यासाठी कोणत्याही जिल्हादंडाधिकाऱ्याकडे नाव नोंदवावे लागत नव्हते. पंचवीस वर्षांत पडलेला हा फरक मोठा आहे.

या संस्थांच्या नियतकालिक पत्रिकांचाही इथे उल्लेख हवा, कारण जिल्ह्याच्या पत्रकारितेशी त्यांचे नाते टेलिप्रिंटरपेक्षा, म्हणजे तारेवरून आलेली बातमी कागदावर उमटवणाऱ्या यंत्रापेक्षा, जवळचे आहे. टेलिप्रिंटर घेणे, त्याची जोडणी, वर्गणी आणि रात्रभर कागदाच्या गुंडाळीवर लक्ष ठेवणारा माणूस, हे सारे दैनिकालाच परवडणारे काम होते. सातारा-सांगली हा साप्ताहिकांचाही मुलूख आहे. पीटीआयची पाक्षिक आर्थिक सेवा आणि विज्ञान सेवा, यूएनआयची शेतीविषयक सेवा, असा मजकूर टपालाने येण्याजोगा होता आणि आठवडाभर शिळा होत नव्हता. सांगलीच्या हळद आणि गुळाच्या पेठेविषयी लिहिणाऱ्याला किंवा कराडच्या ऊस उत्पादकाला समोर ठेवून पान लावणाऱ्याला देशातील शेतीमालाची, संशोधनाची पार्श्वभूमी त्यातून मिळू शकत होती. ताज्या बातमीच्या झगमगाटात या पत्रिकांकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

पुन्हा एकच टेबल

वृत्तपत्रांच्या मालकीची संस्था म्हणजे सुरक्षित संस्था, हा समज आणीबाणीने खोटा ठरवला. २५ जून १९७५ नंतर वृत्तपत्रांना पूर्वतपासणी, म्हणजे छापण्याआधी मजकुराची सरकारी तपासणी, लागू झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, तसेच भारतीय भाषांत काम करणाऱ्या हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती, या चारही संस्थांची मोट बांधून ‘समाचार’ ही एकच संस्था करण्यात आली. भाग वृत्तपत्रांकडे असूनही हे घडू शकले, कारण मालकी एकाकडे आणि मिळकतीची दोरी दुसऱ्याकडे अशी स्थिती होती. या संस्थांचे सर्वांत मोठे ग्राहक आकाशवाणी होते, आणि टेलिप्रिंटरच्या तारा टपाल व तार खात्याच्या होत्या. वर्गणी थांबण्याची आणि जोडणी तुटण्याची भीती पुढे उभी असताना संचालक मंडळाच्या ठरावाला किती धार राहणार?

१९४२ आणि १९७६ हे प्रसंग एकसारखे नाहीत. पहिल्यात परके सरकार आणि महायुद्ध होते, दुसऱ्यात लोकांनीच निवडून दिलेले सरकार होते. परंतु पद्धत ओळखीची आहे. बातमी ज्या हातांतून जाते त्यांची संख्या कमी करायची, की प्रत्येक बातमी स्वतंत्रपणे दाबण्याची गरज उरत नाही. जिल्हा दैनिकाला बहुधा एकाच संस्थेची वर्गणी झेपत असल्याने इथे टेबलावर बसलेल्या उपसंपादकाला रोजच्या कामात मोठा बदल जाणवला नसेल : बातमीखाली आधी एक नाव येई, आता दुसरे येऊ लागले. पण त्याच्यापर्यंत पोहोचणारी बातमी वरच्या पातळीवर दुसऱ्या संस्थेच्या धाकाने जी पारखली जात होती, ती पारख गेली. राजाध्यक्ष आयोगाने ज्यासाठी दोन संस्था मागितल्या होत्या, नेमके तेच हरवले.

१९७७ च्या सत्तांतरानंतर कुलदीप नय्यर यांच्या समितीकडे ‘समाचार’चे पुढे काय करायचे हा प्रश्न सोपवला गेला. चार संस्था जशाच्या तशा परत आणाव्यात, असे या समितीने सुचवले नाही. इंग्रजीसाठी ‘संदेश’ आणि भारतीय भाषांसाठी ‘वार्ता’ अशा दोन संस्था कराव्यात, असा तिचा विचार होता. सरकारने तो मानला नाही आणि १४ एप्रिल १९७८ रोजी चारही संस्था पूर्ववत झाल्या. ‘समाचार’ मोडली हे चांगलेच झाले. तरीही ‘वार्ता’ची कल्पना तिच्याबरोबर टाकून देण्यात मराठी वृत्तपत्रांचे नुकसान झाले, असे माझे मत आहे. हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती यांना त्या काळात पुन्हा जीव धरता आला नाही. यूएनआयने १९८२ मध्ये ‘यूनिवार्ता’ आणि पीटीआयने १९८६ मध्ये ‘भाषा’ सुरू केली. दोन्ही सेवा हिंदीच्या. मराठी दैनिकाचा उपसंपादक तेव्हाही, आणि पुढेही, इंग्रजी किंवा हिंदी मजकूर समोर ठेवून रात्री अकरा-बारापर्यंत भाषांतर करत राहिला. मिरजेत किंवा फलटणला घडलेली घटना वृत्तसंस्थेच्या इंग्रजीत मुंबईला जाते, दिल्लीत लहान होते आणि सांगलीच्या कचेरीत परत मराठीत आणली जाते. या प्रवासात गावाचे नाव चुकते, तालुका बदलतो आणि स्थानिक वार्ताहराला ठाऊक असलेले कारण गळून पडते.

पैशाची जुनी बाजूही संपलेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने पीटीआय आणि यूएनआय या दोघींचीही वर्गणी बंद करत असल्याचे कळवले. सरकारी प्रसारकाच्या वर्गणीवाचून राष्ट्रीय वृत्तसंस्था चालवायची असेल, तर तिचा खर्च तिच्या मालकांनी, म्हणजे वृत्तपत्रांनी, उचलायला हवा. आणि त्यात जिल्हा दैनिकांचा वाटा आणि आवाज किती असावा, मराठीसारख्या भाषेची स्वतंत्र सेवा कोणाच्या खर्चाने उभी राहावी, हे प्रश्न सातारा-सांगलीच्या संपादकांनी संस्थेच्या भागधारकांपुढे स्वतः होऊन मांडण्याचे आहेत.